मतदारयादीतले आजोबा

‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न महाराष्ट्रात कोणाला विचारला, तर उत्तर बहुधा आडनावातच दडलेले असते. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांत मात्र हा प्रश्न निघाला, की क्षणभर शांतता पसरते. मग कोणी वडीलधारे म्हणतात, ‘साताऱ्याकडचे’. कोणी म्हणते, ‘पुण्याच्या बाजूचे’. कुलदैवत ठाऊक असते. जेजुरीचा खंडोबा किंवा तुळजापूरची भवानी देव्हाऱ्यात असते. लग्नकार्यात गोंधळही घातला जातो. हरवलेले असते ते गावाचे नाव. ते सांगू शकणारी पिढी काळाच्या पडद्याआड गेली आणि मागे उरलेल्यांना आपल्या पणजोबांनी कोणत्या वेशीतून पाऊल बाहेर टाकले, हे सांगता येत नाही.

अशा वेळी जी कागदपत्रे मदतीस येऊ शकतात, त्यांत एक अगदी साधे, दुर्लक्षित आणि सार्वजनिक दफ्तर आहे. ते म्हणजे जुन्या मतदारयाद्या.

बंगळूरचे मराठीपण एकाच लाटेने आलेले नाही, हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. १६३८ साली विजापूरच्या फौजांनी हे ठाणे जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे एकोजीराजांनी तंजावर गाठले, १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतले आणि अल्पावधीतच तीन लक्ष रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांच्या हाती गेले. राज्य गेले, तरी माणसे राहिली. त्यानंतर तंजावरी मराठी कुटुंबे कारभाराच्या निमित्ताने म्हैसूर संस्थानात आली. १९०९ ते १९१२ या काळात दिवाण असलेले टी. आनंदराव हे त्यांपैकीच. शहरातला आनंदराव चौक आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. रंगारी, शिंपी, सैनिक, पोलीस अशा नाना व्यवसायांची घराणी जुन्या पेठांतून वसली. १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी बंगळुरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली आणि स्वातंत्र्यानंतर एकामागून एक सार्वजनिक कारखाने उभे राहिले. नोकरीसाठी आलेल्यांची ही लाट सर्वांत अलीकडची. यांपैकी आपले घराणे कोणत्या लाटेतले, एवढे जरी उमगले तरी शोधाची निम्मी वाट सरते.

मतदारयादीच का, असा प्रश्न साहजिक आहे. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी आणि अमेरिकेत बहात्तर वर्षांनी शिरगणतीचे घरोघरचे तपशील लोकांसाठी खुले होतात. तेथील वंशशोधकांचा मुख्य आधार तोच असतो. आपल्याकडे जनगणनेतील वैयक्तिक माहिती १९४८ च्या कायद्याने गोपनीय आहे. आकडे प्रसिद्ध होतात, माणसे नाहीत. मतदारयादीचे नेमके उलट आहे. ती प्रसिद्ध करण्यासाठीच तयार होते. घरक्रमांक, मतदाराचे नाव, पित्याचे वा पतीचे नाव, स्त्री की पुरुष आणि वय, एवढाच मजकूर. पण हा मजकूर कोणी अधिकारी श्रीमंत-गरीब न पाहता दारोदार जाऊन टिपतो. ज्याच्या नावावर शेत नाही, घर नाही, बँकेत खाते नाही, अशा हमालाचे किंवा शिवणकाम करणाऱ्याचे नाव सरकारी कागदावर उमटण्याची ती कित्येकदा पहिलीच वेळ असते.

ही समानता १९५० नंतरची, हे विसरता कामा नये. म्हैसूर संस्थानात दिवाण रंगाचार्लू यांच्या काळात, ७ ऑक्टोबर १८८१ रोजी, १४४ सदस्यांची प्रजाप्रतिनिधी सभा प्रथम भरली. पुढे तिच्या निवडणुका होऊ लागल्या, तरी मतदार ठरत ते मालमत्ता, शेतसारा आणि शिक्षण या कसोट्यांवर. ब्रिटिश मुलखात १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी मताधिकार वाढला, पण तोही मर्यादितच. शिवाय याद्या धर्मवार वेगळ्या. ज्यांचे पूर्वज मुंबई इलाख्यात करदाते होते, त्यांना त्या याद्यांत काही सापडू शकते. बंगळूर शहर तर दोन राजवटींत विभागलेले होते. पेठ म्हैसूरची, तर छावणीचा भाग जुलै १९४७ पर्यंत ब्रिटिशांच्या अखत्यारीत. दोन्ही भाग मिळून एक महानगरपालिका झाली ती १९४९ साली. त्यामुळे आजोबा चिकपेठेत राहत होते की शिवाजीनगरात, यावर स्वातंत्र्यपूर्व कागद कोणत्या दफ्तरात शोधावयाचे ते ठरते.

यादी वाचण्याची रीत

जुनी यादी हाती आली, की पहिली अडचण लिपीची. बंगळूरच्या याद्या प्रामुख्याने कन्नडमध्ये. मराठी नाव कन्नड लेखनिकाच्या कानावरून कागदावर उतरताना त्याचे रूप पालटते. महाप्राण अक्षरे सैल पडतात; घोरपडे ‘गोर्पडे’ होतात, जाधव ‘जादव’ होतात. शिंद्यांचे ‘सिंधिया’ जसे ग्वाल्हेरला झाले, तसे कर्नाटकातही झाले. याहून मोठी अडचण आडनाव गळण्याची. दक्षिणेत आडनावाची सक्ती नाही. आद्याक्षर आणि नाव पुरते. मग शामराव भोसले यादीत नुसते ‘के. शामराव’ होतात, आणि तो ‘के’ वडिलांच्या नावाचा की गावाच्या नावाचा, हे घरच्यांनाच ठाऊक असते. म्हणून नावावरून शोधण्यापेक्षा घरावरून शोधणे अधिक फलदायी. एका घरक्रमांकाखाली ओळीने आलेली पाच-सहा नावे, त्यांतील पिता-पुत्र व पती-पत्नी यांच्या जोड्या आणि वयांतील अंतरे जुळली, की आडनाव नसतानाही कुटुंब ओळखू येते.

प्रसिद्ध अभिनेते रजनीकांत यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १२ डिसेंबर १९५० रोजी बंगळुरास एका मराठी कुटुंबात जन्मलेल्या या मुलाचे नाव शिवाजीराव गायकवाड. वडील रामोजीराव पोलीस खात्यात होते. घराण्याचे मूळ गाव म्हणून जेजुरीजवळच्या मावडी कडेपठारचे नाव सांगितले जाते. पण वाटेत तमिळनाडूतील नाचिकुप्पम हा एक मुक्कामही आहे. असे मधले मुक्काम फार महत्त्वाचे असतात. बंगळूरहून थेट पुणे जिल्ह्यात उडी मारणारा शोध बहुधा फसतो. एक-दोन पिढ्यांचा जो पडाव कोलार, होसूर, बळ्ळारी वा धारवाडकडे पडलेला असतो, तेथील यादी आधी पाहावी लागते.

वयाच्या रकान्यावर फार विसंबू नये. घरोघर फिरणाऱ्या लेखनिकास वय सांगितले जाई ते अंदाजे, पाचाच्या किंवा दहाच्या पटीत. १९५२ च्या यादीत कोणी पंचेचाळीस वर्षांचे असतील आणि १९६२ च्या यादीत पन्नास, तर जन्म १९०७ ते १९१२ च्या दरम्यान कधीतरी झाला, एवढेच हाती राहते. पण तेही थोडे नाही. एक खूण मात्र बरीच भरवशाची. मताधिकाराचे वय १९८९ पर्यंत एकवीस होते, नंतर अठरा झाले. घरातील मुलाचे नाव यादीत प्रथम कधी आले, यावरून त्याच्या जन्मसालाचा चांगला अदमास बांधता येतो.

मतदारसंघांची नावेही फसवी. २००८ च्या पुनर्रचनेत शहराचा नकाशा पार बदलला. बिन्नीपेठ आणि अवाढव्य उत्तरहळ्ळी हे मतदारसंघ नाहीसे झाले. त्यापूर्वीच्या यादीसाठी आजच्या नव्हे, त्या काळच्या मतदारसंघाचे नाव लागते. आणि ज्यांचे मूळ बेळगाव, निपाणी वा खानापूरकडचे, त्यांच्यासाठी १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख कळीची आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी ती गावे मुंबई राज्यात होती.

‘अमक्याची बायको’

या साऱ्या शोधात मन अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे आजीचा माग. पहिल्या निवडणुकीसाठी देशभरात सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार नोंदले गेले. त्यांतील स्त्रियांची संख्या सुमारे आठ कोटी. अनेक प्रांतांत स्त्रिया परक्या माणसास स्वतःचे नाव सांगत नसत. यादीत ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी नोंद होई. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी हे मान्य केले नाही. स्वतःचे नाव द्या, अन्यथा नोंद रद्द होईल, अशी भूमिका आयोगाने घेतली. बिहारमध्ये त्यासाठी मुदतही वाढवून दिली. तरीही जवळपास २८ लाख स्त्रियांनी नावे सांगितली नाहीत आणि त्या यादीबाहेर राहिल्या. हे प्रमाण बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांत मोठे होते. म्हैसूरचा त्यांत प्रामुख्याने उल्लेख नाही, हे मराठी शोधकांचे भाग्यच. सेन यांचा निर्णय त्या वेळी कठोर वाटला असेल. पण आज नातीला आजीचे नाव कागदावर वाचता येते, त्याचे श्रेय पुष्कळसे त्या कठोरपणाला आहे.

तरी अर्धी कहाणी राहतेच. यादी स्त्रीचे सासरचे नाव सांगते. माहेर सांगत नाही. लग्नात नाव बदलण्याच्या आपल्या चालीमुळे चिकपेठेतील ‘लक्ष्मीबाई’ माहेरची कोण, हे त्या रकान्यात कधीच सापडणार नाही. तेथे जुनी लग्नपत्रिका, शाळेचा दाखला किंवा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्याच उपयोगी पडतात. मूळ गाव शोधण्यासही या वह्या फार मोलाच्या आहेत. मतदारयादीने आजोबांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव पक्के केले, की उपाध्यांना विचारावयाचे नेमके काय, ते कळते.

सातासमुद्रापलीकडे

परदेशी गेलेल्यांचा शोध घेताना यादीत नाव असण्याइतकेच नसणेही बोलके ठरते. कॅलिफोर्नियात १८६६ पासून ‘ग्रेट रजिस्टर’ नावाच्या मतदारनोंदी ठेवल्या गेल्या. मतदाराचे वय, धंदा, जन्मदेश, नागरिकत्व कोठे व कधी मिळाले, हे सारे त्यांत आहे. युरोपातून गेलेल्यांचे वंशज या नोंदवह्यांवरून आपली मुळे शोधतात. भारतीयांना मात्र १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्याने तेथील नागरिकत्वाची दारे बंद झाली, ती १९४६ मध्ये उघडली. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शिकले. पण त्यांची ओळख जतन झाली ती मेक्सिकोतील शेतकी संशोधनात आणि चित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्या भित्तिचित्रात.

मॉरिशसची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. १८३४ पासून कोकणातली माणसे मुंबई बंदरातून त्या बेटावर मजुरीस गेली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांच्या नोंदवह्या, पुष्कळांच्या छायाचित्रांसह, जपलेल्या आहेत. मतदारयाद्यांत मात्र त्यांची नावे दिसू लागतात ती पुष्कळ उशिरा. १९४७ च्या घटनेने बेटावरील कोणत्याही भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्यास मत मिळाले आणि मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून एकदम ७० हजारांवर गेली. मजुरांच्या नातवंडांना सही करण्यापुरती अक्षरे शिकविण्यासाठी त्या काळी सायंशाळा चालत.

यादी मिळते कोठे

१९६० च्या मतदार नोंदणी नियमांनुसार प्रत्येक मतदारसंघाच्या यादीची एक साक्षांकित प्रत कायमस्वरूपी अभिलेख म्हणून ठेवावयाची असते, आणि विहित शुल्क भरून ती पाहण्याचा व साक्षांकित उतारा घेण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. अर्ज राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या किंवा जिल्हा निवडणूक कार्यालयात करावा. अर्जात साल, त्या काळचा मतदारसंघ, गल्लीचे जुने नाव आणि शक्य तर घरक्रमांक द्यावा. ‘माझ्या आजोबांचे नाव शोधून द्या’ असा मोघम अर्ज परत येण्याचीच शक्यता अधिक. स्वातंत्र्यपूर्व कागदांसाठी बंगळूरचे कर्नाटक राज्य अभिलेखागार आणि मुंबईचे महाराष्ट्र पुराभिलेखागार हे दोन दरवाजे आहेत.

बँकेच्या व्यवहारातही या उताऱ्यांचा उपयोग होऊ शकतो. दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात आणि २०२३ पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर त्यांचा शोध घेता येतो. पण पासबुकातील ‘एस. आर. राव’ आणि मृत्यूच्या दाखल्यातील ‘शंकरराव रामचंद्रराव पवार’ हे एकच गृहस्थ, हे पटवून देताना वारसांची दमछाक होते. एकटी मतदारयादी वारसा सिद्ध करीत नाही. पण पत्ता, पित्याचे नाव आणि पत्नीचे नाव एकाच ओळीत व एकाच घरात दाखविणारा जुना उतारा इतर कागदांना चांगला जोड ठरतो.

अलीकडे या याद्यांना निराळेच महत्त्व आले आहे. २०२५ साली निवडणूक आयोगाने मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण हाती घेतले. बिहारसाठी २००३ ची यादी आधार मानली गेली. त्यानंतर १२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत दुसरा टप्पा जाहीर झाला. पूर्वीच्या सखोल यादीत स्वतःचे नाव नसल्यास आईवडिलांचे वा जवळच्या नातलगाचे शोधावयाचे, अशी ती पद्धत. कर्नाटकातील यापूर्वीचे असे पुनरीक्षण २००२ चे. एरवी छंद म्हणून केला जाणारा शोध त्यामुळे कित्येक घरांत निकडीचा झाला. लग्न होऊन बंगळुरास आलेल्या निपाणीच्या मुलीला आपल्या सासऱ्यांचे नाव बसवनगुडीत सापडेल. वडिलांचे नाव पाहावयास मात्र तिला निपाणीचीच यादी उघडावी लागेल, तीही ‘पाटील’ या आडनावाच्या शेकडो ओळींतून, कन्नड अक्षरांत, घरक्रमांकावर बोट ठेवून.