गल्ला चालतो, पण जागा कुणाची?

पश्चिम पाकिस्तानातून आलेल्या सिंधी विस्थापितांच्या भाडेपट्ट्याच्या जमिनी नियमित करण्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये विशेष अभय योजना मंजूर केली. तिच्याकडे सवलत म्हणून पाहणं चूक आहे. हे अर्धवट राहिलेलं पुनर्वसन आहे. फाळणीनंतर सुमारे १२ लाख हिंदू सिंधी भारतात आले. नागपुरात जरीपटका ही त्यांची मोठी वसाहत झाली. अनेकांनी किराणा, कापड अशा व्यापारात पाय रोवले. त्या काळी धान्यावर नियंत्रणं होती, महागाई होती आणि हाताशी भांडवल नव्हतं. अशा वेळी किराण्याला तीन गोष्टींचा आधार मिळतो: माल लवकर खपतो, गिऱ्हाईक रोज येतं आणि घरातली माणसंच दुकान सांभाळतात. व्यापार त्यांच्या रक्तातच होता, असं म्हटलं जातं. पण सिंधमध्ये व्यापारी भाईबंदांबरोबर नोकरी-शिक्षणातले आमिलही होते. त्यांतल्या अनेकांना इथे येऊन नव्याने धंदा शिकावा लागला. तो त्यांनी गरजेपोटी, कमी नफ्यावर आणि जास्त राबून जमवला.

नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडसारख्या तालुक्याच्या गावी या धंद्याचा खरा कस लागतो. कुटुंब सिंधहून आलेलं असो वा कच्छ-राजस्थानहून, इथलं गणित एकच. कापूस, सोयाबीन, मिरची विकली की शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो, तोवर घर उधारीवर चालतं. दुकानदारही नागपूरच्या इतवारी बाजारातल्या ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलतो. म्हणजे गावाच्या पतपुरवठ्याचा एक मोठा भाग किराण्याच्या वहीत असतो. एक पावसाळा फसला की वसुली थांबते, ठोकवाल्याचा तगादा मात्र सुरूच राहतो. अशा वेळी बँकेचं कर्ज लागतं आणि बँक तारण मागते. जागा नावावर नसेल, तर पन्नास वर्षांची सचोटी त्या टेबलावर फारशी मोजली जात नाही.

आता ही मंडळी सुखवस्तू झाली, मग सवलत कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण ज्यांनी पैसा कमावला, ते इतरत्र जागा घेऊ शकतात. कागद अडल्याचा फटका लहान दुकानदाराला बसतो. झोपडपट्टीवासीयांना आणि इतर भूमिहीनांनाही पट्टे मिळायलाच हवेत, आणि एकाचा हक्क मान्य केल्याने दुसऱ्याचा कमी होत नाही. म्हणून योजनेचं यश घोषणेवर नव्हे, तर लहान दुकानदाराला किती हेलपाट्यांत मालकीचा कागद मिळतो यावर ठरवलं पाहिजे. विस्थापितांनी आपल्या वाट्याचं काम केव्हाच पूर्ण केलं आहे. आता सरकारने आपलं करावं.