बाटलीची वाळू, वाळूचा किनारा



काच वाळूपासून होते, हे मी शाळेत शिकलो होतो. तीच काच पुन्हा वाळू होऊन कोणाची जमीन राखील, असे मात्र वाटले नव्हते.

अमेरिकेतील लुइझियाना राज्याची सुमारे ५,००० चौरस किलोमीटर किनारी जमीन १९३० च्या दशकापासून पाण्याखाली गेली. मिसिसिपी नदीच्या दोन्ही काठांना बांध घातल्याने तिचा गाळ पाणथळीपर्यंत पोहोचत नाही. तेलासाठी खणलेल्या कालव्यांतून खारे पाणी शिरते, गवत मरते; मुळे गेली की माती वाहते. ‘पॉइंट-ओ-शेन’ जमातीच्या पूर्वजांनी रचलेले मातीचे पवित्र उंचवटेही त्यात झिजत आहेत.

२०२० मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या टुलेन विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी रिकाम्या बाटल्या गोळा करायला घेतल्या. यंत्रातील हातोडे काच कुटतात, मग चाळण होते. (हाताला लागत नाही का? मलाही तीच शंका होती. धार मोडलेली असते, मूठभर सहज धरता येते.) ही वाळू तागाच्या पोत्यांत भरून या जमातीच्या लोकांबरोबर त्यांच्या किनाऱ्याशी रचली. ताग कालांतराने कुजतो. तोवर लावलेल्या स्थानिक गवताने वाळू धरायची असते. बाटल्या पुरेशा नाहीत, हे उघड आहे. पण नदीचा गाळ तर येतच नाही.