सुटीतले संशोधन

१९५५ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर या समुद्रकाठच्या गावी, उंदरांच्या आनुवंशिकतेच्या अभ्यासाकरिता विख्यात असलेल्या जॅक्सन प्रयोगशाळेत डेव्हिड बाल्टिमोर नावाचा एक शाळकरी मुलगा सुटीपुरता दाखल झाला. तेथे त्याची गाठ हॉवर्ड टेमिन या वयाने थोड्या वडील असलेल्या तरुणाशी पडली. आणि पुढे १९७० साली या दोघांनी, परस्परांहून स्वतंत्रपणे, आर.एन.ए.वरून डी.एन.ए. घडविणारे विकर शोधून काढले, ज्याबद्दल १९७५ चे नोबेल पारितोषिक त्यांना रेनातो दुल्बेको यांच्यासमवेत मिळाले. बाल्टिमोर पदवीचे शिक्षण घेत असतानाच, १९५९ साली, लाँग आयलंडवरील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाचा उपक्रम आरंभिला, आणि त्याच्या पहिल्याच तुकडीत ते होते. तो उपक्रम आजही चालू आहे, आणि त्यात येणारी मुले बाल्टिमोर-टेमिन यांचे ते विकर नित्याच्या कामात वापरतात.

जीनोमविज्ञानाला, म्हणजे सजीवाचा संपूर्ण जनुकीय मजकूर वाचण्याच्या शास्त्राला, अशा नवशिक्या हातांची गरज का भासावी, हे समजून घेण्याजोगे आहे. मानवी पेशीतील सुमारे ३ अब्ज अक्षरांचा जनुकीय मजकूर प्रथम वाचण्यास १९९० पासून २००३ पर्यंतचा काळ लागला. आता तेच काम यंत्रे अगदी थोड्या दिवसांत करतात, आणि त्यामुळे वाचून झालेला परंतु अर्थ न उकललेला मजकूर ढिगांनी साचला आहे. यंत्र हा मजकूर सलग देत नाही. फाटलेल्या पोथीचे असंख्य तुकडे तिच्या दुसऱ्या अखंड प्रतीवर ठेवून जागा लावाव्यात, तसे ते संगणकावर जुळवावे लागतात, आणि मग कोठे एखादे अक्षर निराळे आढळते व ते निराळेपण निरुपद्रवी आहे की रोगाचे कारण, याचा विचार सुरू होतो. हे काम चिकाटी असलेल्या, थोडी संगणकभाषा शिकलेल्या विद्यार्थ्याला दोन महिन्यांत हाती धरता येते. आणि पाठ्यपुस्तकात ज्याचे उत्तर शेवटच्या पानावर असते, त्याहून सर्वस्वी भिन्न असा, मार्गदर्शकालाही उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न त्याला आयुष्यात प्रथमच भेटतो. माझ्या मते या योजनांचे सारे मोल येथेच आहे. प्रमाणपत्राला मी फारसे महत्त्व देत नाही.

आपल्याकडेही अशी तजवीज आहे, आणि ती पुरेशी ठाऊक नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, जिच्यात दोन महिन्यांचे विद्यावेतन व प्रवासखर्च यांची तरतूद असते, आणि निवडलेला विद्यार्थी देशातील एखाद्या नामांकित संस्थेत नामवंत संशोधकाच्या हाताखाली काम करतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा स्वतंत्र उन्हाळी कार्यक्रम आहे, आणि त्यात जीवशास्त्रालाही स्थान आहे. दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती फरीदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात जमा झाली आहे. तिचा अर्थ लावण्यास या पिढीतीलच माणसे लागणार आहेत.

अडचण असते ती वेळेची आणि वार्तेची. अकादमींच्या योजनेचे अर्ज सामान्यतः दिवाळीच्या आसपास मागविले जातात, आणि आडगावच्या महाविद्यालयातील मुलीला ही बातमी पोहोचते तेव्हा बहुधा मुदत टळून गेलेली असते. अर्जासोबत तिला काय शिकावयाचे आहे हे थोडक्यात लिहून द्यावे लागते, आणि प्राध्यापकाचे शिफारसपत्रही जोडावे लागते. हे पत्र ठराविक साच्यात न लिहिता, त्या विद्यार्थिनीने प्रयोगशाळेत काय विचारले, कोठे ती अडली व तिने स्वतः काय शोधले, हे नोंदवून लिहावे, असा माझा प्राध्यापकांना आग्रह आहे. शिवाय या शिष्यवृत्तीसाठी अध्यापकांनाही अर्ज करता येतो. ज्यांनी एखादा उन्हाळा अशा प्रयोगशाळेत स्वतः काढला असेल, त्यांच्या वर्गात पुढच्या दिवाळीत अर्जाची आठवण करून देण्यास दुसऱ्या कोणाची गरज लागणार नाही.