विमानाच्या शेपटीतला हायड्रोजन आणि नागपूरचा मे महिना

मे महिन्यात भर दुपारी नागपूरच्या विमानतळावर विमानात चढताना एक सततचा शिट्टीसारखा आवाज कानावर येतो. पंखांखालची इंजिनं तर तेव्हा बंद असतात. हा आवाज असतो शेपटीच्या टोकात बसवलेल्या एका छोट्या जेट इंजिनाचा. त्याला एपीयू म्हणतात, म्हणजे ऑक्झिलरी पॉवर युनिट. साध्या भाषेत, विमानाचा स्वतःचा जनरेटर. दिवे, एसी, कॉकपिटमधली यंत्रं, मुख्य इंजिन सुरू करायला लागणारा जोर, हे सगळं त्याच्याकडून मिळतं.

अडचण एवढीच की वीज बनवण्यात हा गडी फार उधळ्या आहे. ए-३२० सारख्या विमानातला एपीयू तासाला साधारण शंभर किलो इंधन पितो आणि त्यातल्या ऊर्जेचा पाचवा हिस्साही धड विजेत उतरत नाही. बाकीची गरम धुरातून बाहेर. म्हणून या जागी हायड्रोजनवर चालणारा फ्युएल सेल बसवायची कल्पना पुढे आली.

फ्युएल सेलमध्ये काही जळत नाही. एका बाजूनं हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूनं हवा, आणि मध्ये प्लास्टिकच्या कागदासारखा पातळ पडदा. हायड्रोजनमधले प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात, पण इलेक्ट्रॉनना तिथून वाट नसते. त्यांना तारेतून वळसा घालून जावं लागतं, आणि तो वळसा म्हणजेच आपली वीज. पलीकडे ऑक्सिजन भेटतो आणि पाणी तयार होतं. एका सेलमधून जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळतात, म्हणून शेकडो सेल एकावर एक रचतात. हायड्रोजनमधली जवळपास निम्मी ऊर्जा विजेत उतरते.

हे नुसतं कागदावर नाही. २००८ मध्ये एअरबस आणि जर्मनीच्या डीएलआर या संस्थेनं ए-३२० च्या चाचणी विमानात फ्युएल सेल बसवून उड्डाणात आपत्कालीन हायड्रॉलिक यंत्रणेला वीज दिली होती. जानेवारी २०२३ मध्ये एअरबसनं ए-३३० मधला एपीयू काढून त्याजागी फ्युएल सेल उडवून बघण्याची योजना जाहीर केली. नाव 'हायपॉवर', आणि सोबत फक्त १० किलो हायड्रोजन.

१० किलो ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब करून बघा. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. १० किलोमध्ये ३३०, त्यातली निम्मी वीज, म्हणजे १६५ युनिट. ए-३२० च्या एपीयूवरचा जनरेटर ९० किलोव्होल्ट-अँपिअरचा असतो. तो पूर्ण जोरात चालला तरी हा हायड्रोजन पावणेदोन तासांहून थोडा जास्तच पुरेल.

मग घोडं अडतं कुठे?

बहुतेक लोक टाकीचं नाव घेतात. ते खरंच आहे, कारण हायड्रोजन हलका असला तरी जागा फार खातो. उणे २५३ अंशांना द्रव केला तरी तेवढ्याच ऊर्जेसाठी जेट इंधनाच्या चौपट जागा लागते. पण १०-२० किलोची टाकी शेपटीत कशीबशी मावेल. माझ्या मते एपीयूपुरता खरा प्रश्न उष्णतेचा आहे, आणि तो नागपुरात सगळ्यात जास्त चटके देतो.

निम्मी ऊर्जा वीज झाली, तर उरलेली निम्मी उष्णता झाली. ९० किलोवॉट वीज हवी असेल तर ९० किलोवॉटच्या आसपास उष्णताही बाहेर टाकावी लागते. जुना एपीयू आपली उष्णता शेकडो अंश गरम धुराबरोबर सहज फेकून देतो. फ्युएल सेल मात्र ८० अंशांच्या आसपास चालतो, त्याहून फार तापला तर पडदा सुकतो आणि खराब होतो. ही कोमट उष्णता धुरातून जात नाही. त्यासाठी गाडीसारखा रेडिएटर लागतो.

रेडिएटरचा जोर तापमानातल्या फरकावर ठरतो. हॅम्बुर्गमध्ये बाहेर २० अंश असतील तर फरक ६० अंशांचा. नागपुरात मे महिन्यात ४५ अंश ही नेहमीची गोष्ट, आणि तापलेल्या काँक्रीटजवळची हवा आणखी गरम. फरक उरला ३०-३५ अंशांचा. (३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, पण तो सेन्सरचा बिघाड निघाला. आपले ४५ पुरेसे आहेत!) म्हणजे तीच उष्णता काढायला रेडिएटर किंवा त्यातून जाणारी हवा जवळपास दुप्पट हवी. उभ्या विमानाला समोरून वारा नसतो, त्यामुळे मोठे पंखे आले. आणि एसीची गरजही नेमकी याच वेळी सर्वात जास्त.

नागपूरकराच्या डोक्यात इथे लगेच कूलर येईल. एक किलो हायड्रोजनमागे ९ लिटर पाणी आयतंच मिळतं, ते रेडिएटरवर सोडलं तर? कल्पना झकास आहे, पण सेलमधून बरंचसं पाणी वाफ होऊन निघतं. त्या वाफेचं पाणी करताना जी उष्णता सुटते, तीही आपल्यालाच काढावी लागते, आणि तेच पाणी पुन्हा उडवलं की जेमतेम तेवढीच परत जाते. हिशेब जिथल्या तिथे. त्यापेक्षा १६० अंशांच्या वर चालणाऱ्या पडद्यांवर संशोधन चालू आहे, त्यात जास्त दम वाटतो. मात्र ते पडदे अजून तेवढे टिकत नाहीत.

दुसरा मुद्दा पैशांचा आणि कोळशाचा. विजेपासून एक किलो हायड्रोजन बनवायला ५० युनिटच्या वर वीज लागते. म्हणजे ५०० युनिट घालून विमानात १६५ मिळणार. ती वीज कोराडीच्या कोळशाची असेल तर धूर विमानतळावरून उचलून कोराडीत नेला, एवढंच! गेटवर उभ्या विमानाला टर्मिनलमधून केबल जोडून वीज द्यावी आणि पाइपनं थंड हवा सोडावी, हा सरळ आणि स्वस्त उपाय आहे. फ्युएल सेलची खरी जागा केबल पोहोचत नाही तिथे, म्हणजे दूरच्या पार्किंगवर आणि आकाशात. उंचावर बाहेरची हवा उणे ४०-५० अंशांची, तिथे रेडिएटरची चिंता बरीच कमी होते. हवा विरळ असते, म्हणून सेलला कॉम्प्रेसर मात्र लागतो.

नागपूरला हे जवळचं आहे ते मिहानमुळे. बोइंगनं तिथे उभारलेलं विमान दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीकडे आलं. बोइंग ७८७ चा एपीयू इतरांपेक्षा वेगळा आहे. तो दाबाची हवा देत नाही, फक्त वीज देतो, आणि तीही २२५ किलोव्होल्ट-अँपिअरच्या दोन जनरेटरमधून. या विमानात एसीपासून इंजिन सुरू करण्यापर्यंत सगळं विजेवर चालतं. फ्युएल सेलही फक्त वीजच देतो, त्यामुळे तो बसवायला अशी रचना सोयीची. ए-३२० मध्ये दाबाच्या हवेसाठी वेगळा कॉम्प्रेसर जोडावा लागेल.

असं विमान उद्या हँगरमध्ये आलं तर तंत्रज्ञांच्या सवयीही बदलाव्या लागतील. जेट इंधन गळलं तर वास येतो आणि वाफ जमिनीलगत राहते. हायड्रोजनला वास नाही, ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही, आणि वायू सरळ वर जाऊन छताखाली साठतो. म्हणजे गळती ओळखणारे सेन्सर छताला लावावे लागतील, आणि छतातून हवा बाहेर जायची वाट आधीच ठेवावी लागेल.