पोटाची शस्त्रक्रिया, दुधनीची होडी आणि गोव्याचे जहाज



पाहुणे आले की आपण सिल्वासाकर त्यांना दुधनीला नेतो. खानवेलवरून पुढे डोंगरातला रस्ता, एकंदर चाळीसेक किलोमीटर, आणि मग दमणगंगेवरच्या मधुबन धरणाचे दूरवर पसरलेले पाणी. दहा-बारा वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत होडीवाल्याने सौ.ला सांगितले, "ताई, तुम्ही मधोमध बसा." त्याचे काही चुकले नव्हते, होडीचा तोल सांभाळणे हे त्याचे कामच. पण होडीत हशा पिकला आणि त्यात आम्हीही सामील होतो. त्यानंतर सौ. दुधनीला यायची ती फक्त काठावर बसून सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या राखायला.

दोन वर्षांपूर्वी तिची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. मधुमेह होताच, गुडघेही बोलू लागले होते. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ करून आलो. तेव्हापासून मंडळात एकच प्रश्न विचारला जातो: "जहाजावर तर दिवसभर खाणेच असते म्हणे. वहिनींना खाताच येत नाही, मग एवढे पैसे घालून गेलात कशाला?" प्रश्न चेष्टेचा असला तरी बिनबुडाचा नाही. शिवाय आपल्यातल्या काही घरांत आता ही शस्त्रक्रिया झाली आहे किंवा व्हायची आहे. म्हणून सौ.च्या संमतीने हे लिहीत आहोत.

आधी शस्त्रक्रियेबद्दल थोडे. सौ.ची झाली ती 'स्लीव्ह'. तिच्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. दुसरा प्रकार बायपास. त्यात जठराची अगदी छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत एका वेळी मावते ते वाटीभर, सुरुवातीला तर तेवढेही नाही. भूक जागवणारे संप्रेरकही कमी होते, त्यामुळे 'उपाशी राहावे लागते' हा समज चुकीचा आहे. भूकच कमी लागते. अवघड जाते ते इतरांचे आग्रह परतवणे. लग्नाच्या पंगतीत सौ.च्या ताटात जिलबी टाकून "एकीने काय होते?" म्हणणाऱ्या मावश्यांना काय सांगायचे, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

एकीने काय होते, ते मात्र दुधनीनेच शिकवले. शस्त्रक्रियेला आठ महिने झाल्यावर आम्ही रंगीत तालीम म्हणून तिथे गेलो. सौ. शिकाऱ्यात थेट पुढच्या टोकाला जाऊन बसली. होडीवाल्याने काही म्हटले नाही. तासभर पाण्यावर फिरलो, ऊन होते, आणि गप्पांच्या नादात तिने पाणी जवळपास घेतलेच नाही. काठावर आल्यावर कुणीतरी पुढे केलेल्या दोन जिलब्या खाल्ल्या आणि वर ग्लासभर पाणी. पाव तासात दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा. गाडीची सीट मागे करून तासभर आडवे पडावे लागले. याला डम्पिंग म्हणतात. गोड पदार्थ लहान झालेल्या जठरातून घाईने आतड्यात उतरतो आणि शरीर गडबडते. बायपासवाल्यांना हा त्रास जास्त, पण स्लीव्हवालेही सुटत नाहीत. काहींना तासा-दोन तासांनी रक्तातली साखर एकदम उतरल्याने चक्कर येते, ती याचीच दुसरी तऱ्हा. त्या दिवशी दोन्ही चुका आमच्याच होत्या. पण गाडीपासून पन्नास पावलांवर झाल्या, भर समुद्रात नाही, हे बरेच झाले.

आता जहाज. आपल्या किनाऱ्यावर ही चैन तशी नवीच. मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझचे उद्घाटन २० ऑक्टोबर २०१८ रोजी झाले. ते करणारे तत्कालीन केंद्रीय नौवहन मंत्री नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत हीच वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली होती, आणि त्याबद्दल ते उघडपणे बोललेही आहेत. हा योगायोग सौ.ला ऐकवला तेव्हा तिची भीती निम्मी गेली. पुढे सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' मुंबईहून जाऊ लागले. आपल्याला मुंबईचे बंदर सोयीचे: वापीहून सकाळची गाडी पकडली की दुपारी बॅलार्ड पिअर.

कधी जावे? आमच्या डॉक्टरांनी सांगितले, पहिले सहा महिने नाही. सुरुवातीचे काही आठवडे आहार पातळावरून मऊवर आणि मऊवरून घट्टावर येत असतो. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही त्याच काळात जास्त. जहाजावर डॉक्टर असतात, पण शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय नसते. निघण्याआधी रक्ततपासणी करून घेतली आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस नव्याने ठरवून घेतला. वजन उतरल्यावर जुनाच डोस चालू राहिला तर साखर फार खाली जाऊ शकते. प्रवास विमा काढताना शस्त्रक्रिया लिहून कळवली. आयुष्यभर बँकेत अर्ज तपासल्यामुळे एवढे खात्रीने सांगतो: जे लपवले जाते, नेमके तेच दाव्याच्या वेळी वर येते.

आमच्या आईवडिलांची पिढी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जायची, तेव्हा 'बोट लागणे' हा थट्टेचा विषय होता. शस्त्रक्रियेनंतर तो राहत नाही. उलट्या झाल्या तर आधीच कमी जाणारे पाणीही बाहेर पडते, आणि त्या दिवसेंदिवस चालू राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मज्जासंस्थेवर परिणाम होतो. म्हणून खोली मागितली ती जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर. तिथे हेलकावे कमी जाणवतात. समुद्र दाखवणाऱ्या बाल्कनीचा मोह सोडला. बोट लागू नये म्हणूनची गोळी डॉक्टरांना विचारून घेतली होती. ती आधी घ्यायची असते, मळमळू लागल्यावर उपयोग कमी. पावसाळा टाळलाच होता. पहिल्या रात्री थोडे डुचमळले, बाकी काही नाही.

खरी कसोटी लागली ती पाण्याची. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी लागते आणि एकदम अर्धा ग्लाससुद्धा जात नाही. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. मग उरलेल्या वेळात घोट घोट. सौ.ने गळ्यात बाटली अडकवली होती, शाळेतल्या मुलासारखी. डेकवर वारा असल्यामुळे घाम जाणवत नाही आणि तहानही लक्षात येत नाही, म्हणून आम्ही मोबाइलवर दर पंधरा मिनिटांचा गजर लावला. शेजारच्या खुर्चीवरचे सद्गृहस्थ वैतागले. सोड्याची पेये नकोत, पोट फुगते. मद्याबद्दल आमच्या घरात प्रश्न नव्हता, पण ज्यांच्या घरात आहे त्यांनी ध्यानात ठेवावे: शस्त्रक्रियेनंतर ते फार लवकर चढते, आणि पूर्वीचा अंदाज कामाचा राहत नाही.

जेवणाचे म्हणाल तर, बुफेच्या दारात आमच्यातला बँकवाला जागा झाला. भाडे दोघांचे सारखे, आणि एकीचे खाणे वाटीभर! पहिल्या दिवशी तिच्या वाट्याचे वसूल करायचे म्हणून आम्ही दोघांचे जेवलो आणि रात्रभर डाव्या कुशीवर पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी सौ.ने फर्मावले की भाडे भरले त्या दिवशीच ते पैसे गेले, आता पोटातून वसुली नको. बँकेत बुडीत कर्जाबद्दल आम्ही कनिष्ठांना हेच सांगत असू.

तिची पद्धत अशी. ताट न घेता छोटी बशी. आधी प्रथिने, म्हणजे अंडे, पनीर, मासा, घट्ट वरण. मग भाजी, आणि जागा उरली तर दोन घास भात. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, यावरून हिशेब करावा. घास बारीक, चावणे भरपूर, आणि एका जेवणाला वीस-पंचवीस मिनिटे. बुफेच्या गर्दीत हे जमत नाही, म्हणून आम्ही वाढपी असलेल्या हॉलमध्ये बसायचो. मुख्य जेवणाऐवजी फक्त सुरुवातीची लहान डिश द्या, असे सांगितले की ते लोक आनंदाने देतात. गोडाचा एक चमचा ती आमच्या वाटीतून घ्यायची, चव पाहण्यापुरता.

औषधे मोठ्या बॅगेत टाकू नका, ती बॅग खोलीत पोचेपर्यंत कधीकधी संध्याकाळ होते. बी-१२, लोह, कॅल्शियम या गोळ्या सुट्टीतही चुकवायच्या नाहीत. लोह आणि कॅल्शियम एकत्र न घेता मध्ये दोन तास सोडावे. बायपासवाल्यांनी डोके किंवा कंबर दुखली तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक जातीच्या गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी जठराच्या जोडावर व्रण होतो, पॅरासिटामॉल चालते. आणि हात साबणानेच धुवावेत. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा चालत नाही.

मग खाण्यात वेळ गेला नाही तर तीन दिवस काय केले? पहाटे डेकवर फेऱ्या मारल्या. पूर्वी दोन जिने चढून दम लागणारी सौ. लिफ्ट सोडून जिन्याने जायची. रात्री गाण्याचा कार्यक्रम. गोव्यात उतरून मंगेशीचे दर्शन, आणि एका खानावळीत सुरमईचा एक तुकडा दोघांत. तिसऱ्या दिवशी ती तरणतलावात उतरली. वजन उतरल्यावर दंडाची कातडी लोंबते, तिची लाज वाटते, म्हणून मुलीने लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख पाठवला होता. पोहता येत नाही तिला. कठडा धरून अर्धा तास उभी होती, आणि आम्हाला काठावर बसवून चपला आणि पिशवी राखायला सांगितली.

खोली कशी मागायची, निघण्याआधी डॉक्टरांना काय विचारायचे आणि बरोबर काय न्यायचे, याची यादी सौ.ने वहीत लिहून ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीला मागून घ्यावी, झेरॉक्स काढून आणू.