अर्जातले मेगावॅट म्हणजे विजेची मागणी नव्हे

डेटा सेंटरांच्या बातम्यांत एक चूक पुन्हा पुन्हा होते. वीज कंपनीकडे आलेल्या अर्जांची बेरीज करायची आणि ‘इतके हजार मेगावॅट लागणार’ असा मथळा द्यायचा. मग त्याच आकड्यावरून नव्या वीज प्रकल्पांची आणि दरवाढीची चर्चा सुरू होते.

गैरसमज: जितकी वीज मागितली, तितकी लागणार.

वस्तुस्थिती: अमेरिकेतल्या ओहायो राज्याचे उदाहरण पाहा. तारांवरचा ताण पाहून ‘एईपी ओहायो’ या वीज कंपनीने मार्च 2023 मध्ये कोलंबसच्या परिसरात नव्या डेटा सेंटरांशी करार करणे थांबवले. पुढे तिच्याकडच्या विचारणा 30,000 मेगावॅटवर गेल्या. 2024 मध्ये तिथल्या डेटा सेंटरांचा प्रत्यक्ष भार मात्र 600 मेगावॅटच्या आसपास होता.

जुलै 2025 मध्ये राज्याच्या नियामक आयोगाने नियम घालून दिला. 25 मेगावॅटहून मोठ्या नव्या डेटा सेंटरने मागितलेल्या विजेपैकी किमान 85 टक्क्यांचे पैसे, वापर कमी झाला तरी, भरायचे. ही बांधिलकी 12 वर्षांपर्यंतची, त्यात भार वाढवत नेण्याची चार वर्षे धरलेली. आर्थिक कुवत दाखवायची आणि प्रकल्प सोडल्यास शुल्क द्यायचे. त्यानंतर अर्जांची रांग सुमारे 13,000 मेगावॅटवर आली. निम्म्याहून अधिक ‘मागणी’ केवळ बांधिलकी मागताच गळून पडली!

असे का होते? एका लग्नासाठी चार मंगल कार्यालयांत तारीख विचारून ठेवावी, तसा एकच प्रकल्प अनेक ठिकाणी अर्ज करतो. काही अर्जदारांकडे जमीन असते, पण ती वापरणारा ग्राहक ठरलेला नसतो. खरे प्रकल्पही पहिल्या दिवशी पूर्ण भार घेत नाहीत. म्हणूनच टेक्सासने 2025 च्या कायद्यात 75 मेगावॅट आणि त्यावरच्या अर्जदारांना, राज्यात इतरत्र असाच अर्ज केला आहे का, हे उघड करायला लावले.

वीज कंपनीचे खरे काम ही चाळणी लावण्याचे आहे. आधी भार अभ्यास: वाहिनी आणि रोहित्र हा भार पेलतील का, एक वाहिनी बंद पडली तर काय होईल? मग खर्चाचा अंदाज, ठेव, करार आणि शेवटी टप्प्याटप्प्याने जोडणी. चाळणी न लावता उपकेंद्रे बांधली आणि ग्राहक आलाच नाही, तर तो खर्च घरगुती बिलांवर येऊ शकतो. माझा आक्षेप आहे तो यासाठी.

जोडणीबाबत आणखी तीन गैरसमज आहेत. ‘राज्यात वीज आहे, म्हणजे जोडणी मिळेल.’ नाही. वीज असली तरी ती त्या जागेपर्यंत नेणाऱ्या वाहिन्यांत आणि उपकेंद्रात जागा लागते.

‘भारतात कंपनी अर्ज नाकारून मोकळी होते.’ वीज कायदा 2003 चे कलम 43 वितरण कंपनीवर पुरवठ्याचे बंधन घालते: सर्वसाधारणपणे एका महिन्यात; नव्या वाहिन्या वा उपकेंद्र लागणार असेल तर ते झाल्यावर किंवा आयोगाने ठरवलेल्या मुदतीत.

‘जोडणीचा खर्च कंपनीच करते.’ कलम 46 नुसार आयोगाच्या परवानगीने तो वाजवी खर्च अर्जदाराकडून वसूल करता येतो.

पुढच्या वेळी असा आकडा समोर आला, की त्यातल्या किती मेगावॅटचा भार अभ्यास झाला, किती मेगावॅटची ठेव भरली आणि किती मेगावॅटचे करार झाले, हे विचारा. बातमीत याची उत्तरे नसतील, तर त्या आकड्यावर कोणतेही धोरण उभे करू नये.