चुकायला जागा नसलेलं सॉफ्टवेअर

पगारपत्रकाचं नवं सॉफ्टवेअर घ्यावं की नाही, असा विचार करणारा माणूस आज आधी कंपनीच्या संकेतस्थळावरचं ‘डेमो पाहा’ हे बटण दाबतो. पडदाभर ते सॉफ्टवेअर उघडतं. डावीकडे मेनू, मधे कर्मचाऱ्यांची यादी आणि ‘नवीन कर्मचारी’ या बटणाभोवती लुकलुकणारं वर्तुळ. वर्तुळावर क्लिक केलं की फॉर्म येतो, त्यात नाव आपोआप उमटतं आणि आणखी दोन-तीन क्लिकमध्ये पगाराची पावती तयार होते. प्रत्यक्षात कसलाच हिशेब झालेला नसतो. पडद्यामागे ना डेटाबेस असतो, ना आकडेमोड. चित्रपटाच्या सेटवरच्या वाड्याला दर्शनी भिंत तेवढी असते आणि मागे बांबू, तसंच हे. फरक इतकाच, की या वाड्याच्या दारातून पाहुण्याला आत शिरल्याचा अनुभव मिळतो.

यालाच या धंद्यात इंटरॅक्टिव्ह डेमो म्हणतात. व्हिडिओ नुसता बघायचा असतो, इथे माउस बघणाऱ्याच्या हातात असतो. वॉलनट, स्टोरीलेन, नॅव्हॅटिक, आर्केड, सुपाडेमो अशा कंपन्या फक्त असे डेमो रेकॉर्ड करण्याची साधनं विकतात. काम वरवर सोपं दिसतं: खरं सॉफ्टवेअर एकदा चालवायचं आणि प्रत्येक पायरी टिपून ठेवायची. पण ‘टिपणं’ म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर ब्राउझर, डेस्कटॉप आणि मोबाइल या तीन ठिकाणी तीन वेगळ्या तऱ्हांनी द्यावं लागतं.

रेकॉर्ड केलेल्या डेमोची गरज का पडली, हे समजायला जिवंत डेमोचे हाल आठवावेत. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर असताना विंडोज ९८ दाखवलं जात होतं. सहकारी ख्रिस कापोसेला यांनी संगणकाला स्कॅनर जोडला आणि मोठ्या पडद्यावर थेट निळा एरर झळकला. म्हणून तर अजून विक्रीला काढलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्स यांनी वेळ मारून नेली. ९ जानेवारी २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोत पहिला आयफोन दाखवताना असं काही झालं नाही, कारण तयारीच वेगळी होती. फोन तेव्हा अर्धवट होता आणि वारंवार बंद पडत होता. नंतर प्रसिद्ध झालेल्या हकिगतींनुसार, कोणती कृती कोणत्या क्रमाने केली तर फोन टिकतो, हे अभियंत्यांनी शोधून ठेवलं होतं. आधी ईमेल पाठवून मग इंटरनेट पाहिलं तर ठीक. क्रम उलटा केला तर खात्री नाही. त्या ठरलेल्या क्रमाला ते ‘गोल्डन पाथ’ म्हणत. नेटवर्कच्या रेघाही कायम पूर्ण दिसतील अशी सोय केलेली होती.

इंटरॅक्टिव्ह डेमो म्हणजे तोच गोल्डन पाथ, कायमचा गोठवलेला. त्यात निळा पडदा येऊच शकत नाही, कारण तो रेकॉर्डच केलेला नसतो.

ही कला अगदी आजची नाही. १९९०च्या दशकात लोटस स्क्रीनकॅमसारखी साधनं पडद्यावरची हालचाल आवाजासकट टिपत. पण ती फिल्मच होती. बघणाऱ्याला करायला काम दिलं ते रोबोडेमोच्या पिढीने. रोबोडेमो बनवणारी ई-हेल्प ही कंपनी २००३ मध्ये मॅक्रोमीडियाने घेतली, पुढच्याच वर्षी ते साधन कॅप्टिव्हेट या नावाने आलं आणि मग मॅक्रोमीडियाबरोबर ॲडोबीकडे गेलं. कॅप्टिव्हेटमध्ये एकाच रेकॉर्डिंगमधून तीन रूपं निघत: नुसतं बघा, सूचना वाचून स्वतः करा, आणि सूचनांशिवाय करून परीक्षा द्या. बँका आणि कारखान्यांच्या प्रशिक्षण विभागांनी असे धडे ढिगांनी बनवले. त्यांतले बरेचसे फ्लॅशवर चालत. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ज्यांनी वेळेत रूपांतर केलं नव्हतं, त्यांचे धडे ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. ज्या तंत्रावर डेमो उभा असतो त्याचं आयुष्य तेच डेमोचं आयुष्य, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

आज सर्वांत जास्त हाती लागतं ते ब्राउझरमधून. वेबपान हे मुळात चित्र नसतंच. एकात एक बसवलेल्या घटकांची ती रचना असते. तिला डॉम म्हणतात. ब्राउझरला जोडलेलं एक्स्टेंशन ही रचनाच उचलतं: मजकूर, रंगरूपाचे नियम, चित्रं, सगळं. आरआरवेब नावाची मुक्तस्रोत लायब्ररी हे कसं करते ते बघण्यासारखं आहे. आधी ती पूर्ण पानाची एक नोंद घेते आणि प्रत्येक घटकाला क्रमांक देते. त्यानंतर फक्त बदल लिहून ठेवते: अमुक क्रमांकाच्या घटकात हा मजकूर आला, तमुक घटक निघून गेला. हे बदल कळवायला ब्राउझरमध्ये म्यूटेशन ऑब्झर्व्हर नावाची सोय असतेच. असं टिपलेलं पान पुन्हा उभं केलं की अक्षर हे अक्षरच राहतं. मोठ्या पडद्यावर ते फाटत नाही, आणि मुख्य म्हणजे नंतर बदलता येतं. खऱ्या ग्राहकाचं नाव पुसून दुसरं घालायला पुन्हा रेकॉर्डिंग करावं लागत नाही.

अडचणी मात्र पानाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत असतात. नकाशे आणि काही आलेख कॅनव्हासवर रंगवलेले असतात. डॉममध्ये त्यांच्या जागी रिकामी चौकट सापडते. पैसे भरण्याची खिडकी बहुधा दुसऱ्याच संकेतस्थळावरून येते आणि सुरक्षेच्या नियमांमुळे पानाला तिच्या आत डोकावता येत नाही. फॉन्ट सोबत उचलला नाही, तर मराठी पानावरची अक्षरं बघणाऱ्याच्या यंत्रातल्या भलत्याच फॉन्टमध्ये उमटतात आणि बटणावरचा शब्द चौकटीबाहेर जातो. शिवाय उचललेल्या पानातले प्रोग्रॅम काढून टाकावे लागतात. नाही तर डेमोमधलं ‘जतन करा’ खऱ्या सर्व्हरचं दार ठोठावायला जातं.

डेस्कटॉपवर इतका मोकळेपणा नाही. हिशेबाचं किंवा आराखडे काढायचं सॉफ्टवेअर आपल्या खिडकीत काय आहे ते सहसा सांगत नाही. बाहेरून मिळतात ते फक्त ठिपके. म्हणून इथे प्रत्येक क्लिकला पडद्याचं चित्र घ्यायचं, क्लिक कुठे झालं ते लिहून ठेवायचं आणि नंतर त्या जागेवर एक अदृश्य चौकोन बसवायचा. त्याला हॉटस्पॉट म्हणतात. लॅपटॉपचा पडदा १२५ किंवा १५० टक्क्यांवर मोठा केलेला असेल आणि साधनाने ते गणित धरलं नसेल, तर चौकोन बटण सोडून शेजारी जाऊन बसतो.

तरीही पायरीखाली ‘सेव्हवर क्लिक करा’ असं वाक्य आपोआप कसं येतं? त्याचं श्रेय अंध वापरकर्त्यांसाठी केलेल्या सोयीला आहे. स्क्रीन रीडरला पडद्यावरचं वाचून दाखवता यावं म्हणून विंडोजमध्ये यूआय ऑटोमेशन नावाची यंत्रणा आहे. कर्सरखाली काय आहे असं तिला विचारलं, की ती ‘सेव्ह, बटण’ असं उत्तर देते. रेकॉर्डर तेच उत्तर वापरतो. २००९च्या विंडोज ७ बरोबर आलेला स्टेप्स रेकॉर्डर प्रत्येक क्लिकचं चित्र आणि वर्णन असंच जोडून देत असे; तो मुळात ग्राहकाने आपली अडचण तंत्रज्ञाला दाखवावी म्हणून केलेला होता. ज्या सॉफ्टवेअरने आपली बटणं स्वतःच रंगवली आणि त्यांना नावं दिली नाहीत, ते अंध माणसालाही कळत नाही आणि रेकॉर्डरलाही. मॅकवर २०१९च्या कॅटॅलिनापासून पडदा टिपण्याआधी वापरणाऱ्याची स्पष्ट परवानगी लागते.

सर्वांत कडक पहारा मोबाइलवर. ॲन्ड्रॉइडने २०१४च्या ५.० आवृत्तीत इतर ॲपना, मालकाला विचारून, पडदा टिपू दिला. आयफोनवर पडद्याचं रेकॉर्डिंग फोनमध्येच आलं ते २०१७च्या आयओएस ११ पासून. पण एका ॲपला दुसऱ्या ॲपमध्ये बोट कुठे टेकलं ते सहजी कळत नाही, आणि कळू नये हेच योग्य आहे. बँकेचं ॲप तर आपला पडदा सुरक्षित असल्याची खूण लावून ठेवतं. रेकॉर्डिंगमध्ये तिथे निव्वळ काळोख येतो. त्यामुळे मोबाइलचा डेमो बराचसा हाताने रचला जातो. स्क्रीनशॉट घ्यायचे, त्यांवर हॉटस्पॉट बसवायचे आणि कुठे टॅप, कुठे स्वाइप, कुठे दाबून धरायचं ते सांगायचं. कीबोर्ड वर आला की निम्मा पडदा झाकतो, म्हणून सूचनेचा फुगा कुठे ठेवायचा हाही प्रश्न असतो. पडद्याच्या माथ्यावर १२ टक्के बॅटरी आणि कुणाचा तरी खासगी निरोप दिसू नये, यासाठी ॲन्ड्रॉइडमध्ये खास डेमो मोड आहे. त्यात घड्याळ, बॅटरी, नेटवर्क हवं तसं दाखवता येतं.

यंत्राचं काम इथे संपतं. चांगला डेमो आणि टुकार डेमो यांतला फरक पुढे, माहिती भरताना पडतो. कर्मचाऱ्याचं नाव ‘टेस्ट टेस्ट’ आणि फोन नंबर सगळे नऊ असले, की बघणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याला दाखवायच्या बिलावर जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा आणि २७ ने सुरू होणारा हवा. रक्कम १,००,००० अशी हवी, १००,००० अशी नव्हे. तारखेत आधी दिवस हवा. एका पानावरच्या बिलांची बेरीज दुसऱ्या पानावरच्या एकूण रकमेशी जुळायला हवी, कारण हिशेबनीस माणूस डेमोतही बेरीज करतोच. आणि यातलं एकही नाव, एकही क्रमांक खऱ्या ग्राहकाचा नको.

या सगळ्या धंद्याला एक वेगळा नमुना मुंबईत, पवईला आहे. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिला. सायलॅब, लाटेक, लिबरऑफिस अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे स्क्रीन रेकॉर्डिंगचे धडे तिथे बनतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचा आवाज उपलब्ध होतो. आधी संहिता लिहिली जाते, आणि रेकॉर्डिंगपूर्वी ती विषय न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतली जाते. नवख्याला जी पायरी अडते, ती दुरुस्त होते. शिकताना अर्ध्या पडद्यावर धडा आणि उरलेल्या अर्ध्यावर खरं सॉफ्टवेअर ठेवायचं. धडा थांबवायचा, स्वतः करायचं, पुढे जायचं.

तंत्र म्हणून पाहिलं तर हा साधा व्हिडिओ आहे. त्यात लुकलुकणारं वर्तुळ नाही. पण इथे विद्यार्थ्याला चुकता येतं. तो एखादा कंस विसरला तर त्याच्या पडद्यावर खरी चूक उमटते आणि ती त्याला निस्तरावी लागते. इंटरॅक्टिव्ह डेमोत चुकीच्या जागी क्लिक केलं तर काहीच होत नाही. वर्तुळ तेवढं पुन्हा लुकलुकतं. हात आपला असतो, निर्णय आधीच झालेला असतो.

डेमो बनवणाऱ्यांना मात्र आपल्या बाजूचं बरंच कळतं. कोणत्या पायरीवर किती जण सोडून गेले याची नोंद ही साधनं ठेवतात, आणि गळती जिथे जास्त तिथे पायरी छाटली जाते. त्याच वेळी खरं सॉफ्टवेअर पुढे सरकत असतं. बटण डावीकडून उजवीकडे गेलं, मेनूचं नाव बदललं, की चित्रांचा डेमो पुन्हा टिपावा लागतो. डॉमचा असेल तर काही वेळा नुसती दुरुस्ती पुरते. हे वेळेवर झालं नाही, तर कंपनी जे आता विकतच नाही तेच दाखवत राहते.

म्हणून डेमोला खोटेपणाचा दोष देण्यात अर्थ नाही. त्याचं काम वाट दाखवणं आहे आणि ते तो चोख करतो. सॉफ्टवेअरचा स्वभाव कळतो तो वाट चुकल्यावर. एकच बिल दोनदा भरलं तर काय होतं, जतन करताना इंटरनेट गेलं तर काय उरतं, पगार चुकून जास्त गेला तर तो मागे कसा घ्यायचा? विकत घेणाऱ्याने डेमो शेवटपर्यंत पाहावा, हे प्रश्न कागदावर लिहावेत आणि मग विक्रेत्याकडे चालतं सॉफ्टवेअर मागावं. तिथे पहिलं काम एकच करावं: मुद्दाम चुकावं.